नाव कुठल्या वहीत

आमली, सिल्वासा
९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
कावेरीचा सप्रेम सलाम वि. वि.

तू फोन बंद करून सुमनवहिनीच्या कपाटात ठेवलास, असं आमच्या हर्षलकडून कळलं. निवृत्त पाळकाने वर्षभर जुन्या मंडळीच्या कारभारात लक्ष घालायचं नाही, हा नियम मलाही पाठ आहे. पण नियमात टपालाबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि सख्ख्या बहिणीबद्दल तर नाहीच. तेव्हा पत्र वाच. चालणार नाही तेवढा मजकूर वहिनीला गाळायला सांग.

घरी सगळे बरे आहेत. ह्यांना या महिन्यात सकाळची पाळी आहे, त्यामुळे घोरणं संध्याकाळी सातलाच सुरू होतं. हर्षलला सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत अजून कायम केलेलं नाही.

तू मे महिन्यात गावी गेलास. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही नव्या पाळकाची वाट बघतो आहोत. पहिले दोन महिने कमळाबाई तुझी खुर्ची पुसून ठेवायच्या, आता तिच्यावर पिशव्या असतात. वचन मी वाचते, गाणी मंजुषा सांगते, प्रार्थना ज्याला सुचेल तो करतो. माझं बोलणं तुझ्या उपदेशाच्या निम्मं असतं, आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. पण प्रभुभोजन नाही आणि बाप्तिस्माही नाही, ते पाळकाशिवाय व्हायचं कसं? सोनीचं बाळ रांगायला लागलं, अजून त्याचा बाप्तिस्मा राहिला आहे.

आता मुख्य गोष्ट. पाळक नेमणाऱ्या परिषदेचं पत्र आलं. म्हणे सिल्वाशाच्या सभासद वहीत तेवीस नावं आहेत, पन्नासांच्या आत नावं असतील तिथे पाळक देता येत नाही. तरी एक एप्रिलपासून आमची उपासना बंद करून आम्ही वापीला जावं. तिथली उपासना सकाळी नऊला. आमची निम्मी माणसं तेव्हा मशीनपुढे उभी असतात, आणि खानवेलकडच्यांनी नऊला वापी गाठायची तर आदल्या दिवशीच निघावं लागेल.

दादा, रविवारी शंभरावर माणसं बसतात. चटया कमी पडतात. मग वहीत तेवीसच कशी? चोवीस वर्षं ती वही तुझ्या ताब्यात होती. हा कारभाराचा प्रश्न नाही, मी भावाला विचारते आहे.

वहिनीला सलाम. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कावेरी

आंबेपाडा, ता. नवापूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कावेरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. वहिनीने काहीही गाळलं नाही, उलट दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तू विचारलंस म्हणून भाऊ या नात्याने सांगतो, आणि एवढंच सांगतो.

चूक माझी आहे. माणूस एका मंडळीतून दुसरीत जातो तेव्हा जुन्या मंडळीचा दाखला आणतो, मगच नव्या वहीत त्याचं नाव चढतं. मी तो दाखला कधी कोणाकडे मागितला नाही. पहिल्या वर्षी एकदोघांना विचारलं, तर त्यांनी हात जोडले. गावच्या वहीतून नाव कमी झालं की गावच्या दफनभूमीतली जागा जाते, तेवढं करू नका, असं म्हणाले. सगळे कंपनीत चार-पाच वर्षं काढून परतणार होते. कशाला नाव हलवायचं, असं मलाही वाटलं. वहीत जी तेवीस नावं आहेत ती तिथेच बाप्तिस्मा झालेल्या पोरांची. आईबाप गावच्या वहीत आणि लेकरं सिल्वाशाच्या, असा तो प्रकार आहे.

आता माझं ऐकशील तर परिषदेशी भांडू नकोस. वापीची माणसं चांगली आहेत. उपासना हिंदीत असली म्हणून देवाला काय अडचण?

इकडे मला गावच्या मंडळीने पंच कमिटीत घेतलं, चिटणीसही केलं. निवृत्त माणूस रिकामा दिसला की लोकांना बघवत नाही. गोकुळरावांना सलाम, हर्षलला पापा, तो कितीही मोठा झाला असला तरी.

तुझा,
दादा

आमली
४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सलाम वि. वि.

देवाला अडचण नसेल, मला आहे. कमळाबाईंना दिवसभर कंपनीच्या उपाहारगृहात हिंदीत ऐकून घ्यावं लागतं. आठवड्यातून एक तास तरी त्यांना आपल्या भाषेत रडू दे.

चूक तुझी आहे हे तू कबूल केलंस, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. थोडंसं लिहिते. चार-पाच वर्षांत परतणार होते ते कोण परतलं, एक नाव सांग. मी इथे एकोणीस वर्षं आहे. सोनीचा बाप तिच्या जन्माआधी आला. आमची पोरं इथल्या शाळेत शिकली, इथेच कामाला लागली. भांडणंसुद्धा आम्ही इथलीच करतो. आणि वहीत आम्ही अजून गावाहून भेटायला आलेले!

चोवीस तारखेच्या रविवारी उपासना संपल्यावर मी दार लावून घेतलं आणि तुझं पत्र सगळ्यांना सांगितलं. रागावू नकोस, घरचा मजकूर वगळला. जागेचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. आपल्या माणसांच्या शेजारी मातीत जायचं, एवढीच एक गोष्ट गावाने आपल्यासाठी राखलेली असते, ती कोण सोडणार? तेवढ्यात कमळाबाई उठल्या. त्यांचे वाळूभाऊ गावी पुरलेले, शेजारची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली, हे तुला माहीतच आहे, क्रूस तूच लावलास. त्या म्हणाल्या, पहिला अर्ज माझा लिहा.

त्यानंतर मला लिहायला कागद पुरले नाहीत. एकूण बेचाळीस अर्ज झाले. इतर गावांतून अकरा दाखले आलेसुद्धा, तेवीस अधिक अकरा चौतीस. बाकीचे एकतीस अर्ज आपल्या आंबेपाड्याचे आहेत, त्यात एक माझा. ते हर्षलबरोबर पाठवते. चिटणीस माझाच भाऊ निघाला, तेव्हा उशीर व्हायचं कारण दिसत नाही.

लोभ आहेच, दाखल्यांचं तेवढं बघ.

कावेरी

आंबेपाडा
२३ डिसेंबर २०२४

चि. कावेरीस,
अनेक आशीर्वाद आणि नाताळच्या शुभेच्छा.

हर्षल रिकाम्या हाताने परत आला, त्याचा राग त्याच्यावर काढू नकोस. पंचांनी अर्ज अडवले. ते म्हणतात, एकतीस माणसं एकदम नाव काढतात म्हणजे गावाशी संबंध तोडतात. इथेही मंडळी रोडावली आहे. रविवारी पुढचे बाक म्हातारे आणि मागचे बाक मोकळे. निदान वहीत तरी नावं असू देत, असं त्यांना वाटतं. खरं सांगू, मलाही थोडं तसंच वाटतं. नाव वाचलं की माणूस आठवतो.

बराच वाद झाल्यावर असं ठरलं, की ज्याला दाखला हवा त्याने रविवारी उपासनेनंतर स्वतः मंडळीपुढे उभं राहून मागावा. अर्ज पाठवून चालणार नाही. पंचांना ठाऊक आहे की कंपनीतली माणसं एवढ्या लांब यायची नाहीत. मलाही ठाऊक आहे. सुट्ट्या कुठून आणाल? तेव्हा हा हट्ट सोड. वापीला जा. मी हात जोडून सांगतो.

तुझा,
दादा

आमली
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
सलाम वि. वि.

एकोणीस तारखेच्या रविवारी येतो आहोत. एकतीस जण, दोन तुफान गाड्या आणि एक इको. ज्यांना सुट्टी मिळाली नाही त्यांनी पाळ्या बदलून घेतल्या, कमळाबाईंनी साहेबाला सांगितलं की मला जायचंय, परत कामावर ठेवायचं तर ठेवा.

वहिनीला स्वयंपाक करू देऊ नकोस. भाकऱ्या आमच्या आम्ही आणू. बसायला तुमचे मागचे बाक मोकळे आहेतच.

कावेरी

आंबेपाडा
२७ जानेवारी २०२५

चि. कावेरीस,
अनेक आशीर्वाद.

सगळे सुखरूप पोहोचल्याचं हर्षलने वहिनीच्या फोनवर कळवलं. त्या दिवशी तुझ्याशी नीट बोलणंही झालं नाही. तू माझ्याकडे बघत नव्हतीस आणि मी मान वर करत नव्हतो.

मी हे उपदेशासारखं लिहीत नाही. कित्येक वर्षांनी आपलं उपासनेचं देऊळ भरलं आणि ते तुम्ही निरोप घ्यायला आलात म्हणून भरलं, याचं मला आधी वाईट वाटलं. पंचांनी एकेकाला विचारलं, का जाता? तुमच्यातल्या कोणीही आवाज चढवला नाही आणि कोणी मान खाली घातली नाही. मग कमळाबाईंची पाळी आली. थोरल्या पंचांनी विचारलं, की वाळूभाऊला एकटं टाकून जाणार का. त्यांचं उत्तर माझ्या कानातून जात नाही. त्या म्हणाल्या, "माझं माणूस तुमच्याकडे ठेवून चालले आहे. त्याला नीट बघा." दाखले द्यावेत असं थोरले पंच स्वतःच म्हणाले.

तुम्ही आंब्याखाली भाकरी खात होता तेव्हा मी आत बसून दाखले लिहीत होतो. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, आणि शेवटी, कोणत्या मंडळीकडे. प्रत्येक वेळी सिल्वासा लिहिलं. चोवीस वर्षं मी यातल्या प्रत्येकाला सांगत आलो, की गावाला विसरू नका. तुम्ही सिल्वाशाचे झालात, असं एकदाही सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं. तुला सांगावं लागलं.

तीस दाखले तुझ्या हाती दिले. तू गाडीत बसल्यावर मोजलेस का? एकतिसावा माझ्या बायबलमध्ये आहे. लिहून झाला आहे, सही केलेली नाही. गावच्या वहीतलं तुझं पान उघडलं, तर तिथे बाबांचं अक्षर, तेव्हा वही तेच लिहायचे. कावेरी, जन्म अमुक, बाप्तिस्मा अमुक, आणि समासात लहान अक्षरात, पाण्याने घाबरली नाही. मला सही करवेना. आईच्या शेजारची जागा तुझी आहे, तिनेच तसं सांगितलं होतं.

चौतीस आणि तीस मिळून चौसष्ट होतात. परिषदेला पन्नास पुरतात. तुझ्या एका नावावाचून तुमचं काहीही अडत नाही. मग तेवढं एक नाव आमच्या वहीत राहू दे. म्हाताऱ्या भावाने एक गोष्ट मागितली असं समज.

तुझा,
दादा

आमली
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सलाम वि. वि.

मोजले होते. गाडी फाट्यावर येईपर्यंत दोनदा मोजले. वाटलं होतं, धांदलीत राहिला असेल.

आधी बातमी. चौसष्ट नावांची वही परिषदेला पोहोचली. उपासना बंद करू नये, जूनमध्ये पाळक देऊ, असं लेखी उत्तर आलं आहे. कोण ते अजून ठरलेलं नाही. बाई असो की बाप्या, तरुण असो की तुझ्यासारखा लांबण लावणारा, आम्ही नीट ठेवून घेऊ. मात्र मी परिषदेला कळवलं आहे, की येणाऱ्याने संध्याकाळची सहाची वेळ बदलायची नाही आणि पहिल्याच रविवारी सोनीच्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा. मंजुषा म्हणते, आपण पाळक मागतो आहोत की मजूर. मी म्हटलं, आठ महिने आपण स्वतः चालवलं आहे, तेव्हा दोन गोष्टी सांगायचा हक्क आहे.

आता तुझं. पन्नास पुरतात हे मलाही कळतं. दादा, बाबांनी समासात लिहिलेलं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तेवढं वाचून मी पत्र मिटवलं आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर कांदा म्हणून सांगितलं, आणि घरात कांदा नव्हता.

तरी सही कर. मी दार लावून घेतलं, मी माणसांना उभं केलं, मी एकेकाला म्हटलं की मन घट्ट करा. कमळाबाई नवऱ्याच्या शेजारची जागा सोडून आल्या. दर रविवारी त्या पुढच्या चटईवर बसतात. त्यांच्यापुढे मी वचन वाचायचं आणि माझी जागा मात्र आईच्या शेजारी राखलेली, हे मला जमणार नाही. त्यांना कधी कळणारही नाही म्हणशील. मला कळेल.

तू म्हणतोस, म्हाताऱ्या भावाने एक गोष्ट मागितली. पुष्कळ माग. लोणचं माग, हर्षलला शेताच्या कामाला माग, मला आठ दिवस माहेरी माग, येते. नाव मागू नकोस. आईला मी सांगीन काय सांगायचं ते, तिची समजूत मलाच काढता यायची. आणि तुझी बहीण असायला मला कुठल्याही वहीत असावं लागत नाही.

सही करून परतीच्या टपालाने पाठव. माया तेवढीच ठेव, तिला दाखला लागत नाही.

तुझीच,
कावेरी

आंबेपाडा
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कावेरीस,
अनेक आशीर्वाद.

दाखला सोबत जोडला आहे. सही केली.

आईच्या शेजारची जागा माझ्यासाठी पंचांना सांगून ठेवली. वहिनी म्हणाली, आता तरी थोडक्यात बोलायला शिका, तिथे आईंना उठून जाता यायचं नाही.

गावच्या वहीत तुझ्या नावापुढे नोंद केली, सिल्वाशाच्या मंडळीकडे गेली. बाबांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर फार वाकडं आलं आहे. पण वाचता येतं.

तुझा,
दादा