पहिल्या पानावरची कोरी चौकट

थोरल्याच्या आईस,

पोचल्याबरोबर लिहितो म्हणालो होतो, त्याला दहा दिवस झाले. रागावू नकोस. मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

थोरला अजून आतच आहे. मारलं नाही म्हणतात. छावणीतला साहेब मला म्हणाला, "गोळीबारात नऊ माणसं गेली, हे पेपरात लिहायची तुमच्या पोराला काय गरज होती?" मग कागद पुढे केला. "आजोबा, अंगठा की सही?" मी ऐटीत म्हटलं, सही. लिहावाचायला थोरल्यानंच शिकवलं ना! केली, आणि वाचायला खिशातून चष्मा काढेपर्यंत त्यानं कागद ओढलासुद्धा.

तो कागद आता छापायला थोरल्याच्याच पेपरात आलाय. संपादकबाईंनी वाचून दाखवला. माझ्या मुलानं खोटं लिहिलं, कोणी मेलं नाही, असं त्यात मी म्हटलंय. छापला तर थोरला सुटेल. पण त्या नऊ जणांतल्या एकाची आई रोज इथे छावणीबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसते, डब्यातलं अर्धं मला देते.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगाल तसं. तोवर जागा कोरी सोडते."

पोर घरी यावं एवढंच वाटतं. पण आल्यावर तो माझ्याशी बोलेल का गं?

आपल्याकडे पेपर दुसऱ्या दिवशी येतो. पहिल्या पानावर कोरी चौकट दिसली तर छपाईची चूक समजू नकोस. ती तुझ्या उत्तरासाठी ठेवली आहे. मास्तरीणबाईंकडून लिहवून घे, पण छापायचं की नाही ते लवकर कळव.

थोरल्याचा बाप