हाताने पुसलेलं घर

रविवार, ३ फेब्रुवारी

आजपासून आम्ही घरमालक! हे वाक्य लिहिलं आणि पुन्हा वाचलं. आईचं आणि माझं सगळं सामान एका टेम्पोत मावलं, वर जागा उरली. टेम्पोवाल्याने विचारलं, बाकीचं मागून येतंय का. आई म्हणाली, बाकीचं अजून जन्माला यायचंय.

आईने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं पुसली. त्यावर मी शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आज आई स्वतःच्या घरात शिरली आणि आधी सगळे कोपरे तपासत फिरली. मग म्हणाली, पलंगाखाली बोट फिरवून धूळ दाखवणारं आता कुणी नाही, मलाच मला बोलावं लागणार.

घर खरं सांगायचं तर दमलेलं आहे. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम. प्लास्टर जागोजागी फुगलंय, स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग आहे, ओट्याची कड तुटलीय, बाथरूममधल्या टाइल्स पडत्या दातांसारख्या हलतात. ओलं फडकं डब्यात घालून विसरल्यावर येतो तसा वास आहे. आधीचा मालक एकटा राहिला होता. बायको गेल्यावर घर भराभर उतरलं म्हणून विकून मोकळा झाला. पण भिंती जाड आहेत, उजेड भरपूर आहे. थोडी मेहनत घेतली की हेच घर उठून दिसेल. घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसात मला नोकरी लागलीय ती काय उगाच?

आणि गल्ली काय सुंदर आहे! एकेक घर नुकतं कागदातून काढल्यासारखं. संध्याकाळी शेजारणी बघायला आल्या. इथे बायका एकमेकींना तब्येत विचारण्याआधी बाथरूम विचारतात. आईला हसू आवरेना.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसातले साहेब मिश्कील आहेत. त्यांच्या मते माणूस घर घेतो दिवाणखाना बघून आणि पस्तावतो बाथरूम बघून. त्यामुळे सुधारणेला हात घालायचा तर आधी तिथे. ओल दाबून वरून रंग फासलेली घरं कशी ओळखायची तेही त्यांनी दाखवलं. मी ठरवलंय, माझ्या अहवालात अशी लपवाछपवी चालू द्यायची नाही. लोक जन्माची कमाई घरात घालतात. त्यांना खरं कळलं पाहिजे.

परतताना समोरच्या काकूंनी हाक मारून घरात नेलं. त्यांच्या बाथरूममध्ये उभं राहिलं की आपण चिनीमातीच्या भांड्यात उभे आहोत असं वाटतं. सांधा म्हणून दिसत नाही. मी विचारलं, कुठल्या कारागिराचं काम? काकू म्हणाल्या, कारागीर कसला, या गल्लीत घरावरून हात फिरवतात. मॉप नाही, हातमोजे नाहीत, उघड्या हाताने पुसायचं. पुसणारं माणूस एकच ठेवायचं, आज तू उद्या मी असं करायचं नाही. आणि जुनं कधीच खरवडायचं नाही, नवीन हवं तर वरून चढवायचं. मी म्हटलं, खरवडल्याशिवाय नवा थर धरत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं. तेव्हा त्या मला लहान मुलीसारखं बघून हसल्या. कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. उकडत असूनही हात शालीखाली घेतलेले. त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर काकूंनी त्यांना पाणी हवंय असं ठरवून पाणी पाजलं.

रविवार, १० फेब्रुवारी

विश्वास बसणार नाही अशी गोष्ट. स्वयंपाकघरातली भेग बुजली! ओट्याची तुटकी कडही भरून आल्यासारखी दिसते. आई आठवडाभर उघड्या हाताने पुसतेय. तिला मॉप कधीच आवडला नाही. मी भिंतीला बोट लावून पाहिलं. गुळगुळीत, किंचित कोमट. प्लास्टर ओल धरून फुगलं असेल आणि भेग मिटली असेल. साहेबांना विचारेन.

दुसरी गंमत आईच्या हातांची. एवढ्या वर्षांचे घट्टे गेले. तळहात नव्या नवरीसारखे झालेत म्हणून ती गालांना लावून बघत होती. घर मानवलं म्हणते.

एकच गोष्ट आवडली नाही. पुसल्यावर बादलीतलं पाणी पांढरट दिसतं आणि त्यावर बारीक पापुद्रे तरंगतात. मोरीत ओतलं तर जाळीवर चिकटून बसले. काडीने काढताना ते ताणले गेले. मग मला जेवण गेलं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

आज रजा टाकून बाथरूमचं काम काढलं. काकू फाटकातून ओरडून सांगत होत्या, खरवडू नका, वरून चढवा. मी ऐकलं नाही. स्वतःच्याच घरात लपवाछपवी करायची तर मग ती पदवी कशाला?

गवंडी गप्पिष्ट माणूस. टाइल्स निघाल्या तेव्हा त्याने आईला चिडवलं, मावशी, भिंत नाही, लोण्याचा गोळा घेतलाय तुम्ही. खरंच टाइलच्या मागे सिमेंट नव्हतं. पिवळसर, मऊ काहीतरी होतं, थंड कढईत तूप थिजतं तसं. त्याने लोखंडी पत्रीने खरवडलं तर थराखाली थर निघत गेले, गुलाबी, गहू वर्णाचे, सावळे. चौथ्या की पाचव्या थरात केस होते. लांब, पांढरे, थरात आडवे रुतलेले. एक ओढला तर त्याच्या टोकाला बारीकसा पांढरा कंद आला.

गवंड्याने थापी खाली ठेवली, हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग बाहेर जाऊन भडभडून ओकला. म्हणाला, ताई, माझी दुसरीकडे साइट आहे. अवजारंही न घेता गेला.

मी पूर्वीच्या लोकांनी प्लास्टरमध्ये जनावराचे केस घातले असतील असं आईला समजावलं आणि उरलेलं स्वतः खरवडलं. नाकाला फडकं बांधलं होतं तरी न धुतलेल्या डोक्याचा वास घशात उतरत होता. तळाशी पोचल्यावर भिंतीतून पातळ, लालसर पाणी झिरपायला लागलं. गंजलेला पाइप असेल. खरवडलेलं बादलीत भरून ठेवलं. दुपारपर्यंत त्यावर दुधावर धरते तशी साय धरली होती. मी ती बादली लांब नेऊन उलटी केली. बादलीही तिथेच टाकून आले.

आईने त्या ओल्या भिंतीवर नुसता हात ठेवला. म्हणाली, किती गं लागलं असेल हिला.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सकाळी बाथरूमच्या भिंतीवर खपली होती. दुसरा शब्द नाही. तपकिरी, कडेने उचललेली, मध्ये ओली.

आईचे दोन्ही तळहात सोलले गेलेत. रक्त नाही, नुसतं लाल, चकचकीत. डॉक्टर म्हणाले साबणाची अ‍ॅलर्जी, रबरी हातमोजे घाला. मी घालायला लावले. ऑफिसातून आले तर पुढच्या खोलीतल्या फरशा उचकटलेल्या, स्वयंपाकघरातली भेग पुन्हा उघडलेली, आणि आई हातमोजे काढून पुसत बसलेली. रागावले तर म्हणाली, तुला नाही कळायचं, याला माझ्याशिवाय कोण आहे?

शनिवार, १६ फेब्रुवारी

सकाळीच शेजारी जमले. माझ्या खरवडण्यामुळे गल्लीतल्या सगळ्या घरांना तडे गेलेत म्हणे. एका काकांनी टोमणा मारला, पदवी टांगायला भिंत लागते हे शिकवलं नाही का कॉलेजात? घरांची किंमत उतरली तर जबाबदार कोण?

काकू मागे थांबल्या. खुर्चीत बसून, भाजी कशी निवडायची ते सांगावं तशा सुरात सांगत होत्या. घर पुसणाऱ्या हातातून घेतं. हळूहळू घेतं, कळतही नाही. पण तू एवढी मोठी जखम केलीस, आता ते भराभर घेणार. मी ओरडले, माझ्या आईतून? त्या म्हणाल्या, घरातल्या कुणीतरी करायचंच असतं, आमच्या सासूबाईंनी हूं का चूं केलं नाही. म्हणाल्या, फक्त दुसऱ्या कुणी मध्ये उघड्या हाताने पुसलं तर घर जुन्या हाताला सोडतं आणि नव्याला धरतं. म्हणून तर मी आमच्या भिंतींना बोटसुद्धा लावत नाही, बाई.

मी धावत त्यांच्या घरी गेले. सासूबाईंची शाल बाजूला केली. हात मनगटाशी संपतात. व्रण नाही, टाका नाही. टोकं गोल आणि गुळगुळीत, त्यांच्या बाथरूममधल्या बेसिनसारखी. म्हातारी माझ्याकडे बघून रडत होती. ते पुसायला तिला हात नव्हते.

काकू मागून आल्या, शाल नीट केली आणि म्हणाल्या, आमच्या घराची किंमत गल्लीत सगळ्यात जास्त आहे.

मी त्यांच्या उंबऱ्यात ओकले. त्यांनी आधी पाहिलं ते फरशीला डाग पडतो का.

रविवार, १७ फेब्रुवारी

बॅगा भरल्या. आई येत नाही.

समजावलं, रडले, पाया पडले. म्हणते, जन्मभर दुसऱ्यांच्या घरातून संध्याकाळी निघाले, आता स्वतःच्या घरातूनही निघू? हातांना गुंडाळलेलं फडकं मला सोडू देत नव्हती. सोडलं. नखं नाहीत. बोटं पहिल्या पेरापर्यंतच. दुखत नाही म्हणते. हसते.

बाथरूमची भिंत भरून आलीय. सुंदर. अजिबात सांधा नाही. रंग आईचा. खाली कोपऱ्यात ओळीने बारीक, अर्धगोल काहीतरी उगवतंय. पहिल्यांदा वाटलं टाइलचे टवके. बोटाने चाचपलं. नखं होती. वरच्या बाजूला आईच्या मनगटावरचा तीळ. तीळच. त्यात एक केस. मी त्याला हात लावला तर पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, गुदगुल्या होतात गं.

साहेबांना फोन केला. त्यांना वाटलं मी सुधारणेबद्दल सांगतेय. म्हणाले, सांधा न दिसणारं काम? मी बघेपर्यंत काही तोडूफोडू नका.

सोमवार, १८ फेब्रुवारी

सकाळी आई बाथरूममध्ये बसलेली. भिंतीला टेकून. उबदार वाटतं म्हणाली, हातांना बरं वाटतं.

उठवायला गेले. पाठ उठेना.

खांदे धरून ओढलं. ओला कागद सोलावा तसा आवाज. आई किंचाळली — आणि भिंतही — भिंतीतून आवाज नाही आला, पण सगळ्या घराला तडा गेला. पत्री आणली. कुठे लावू? कुठपर्यंत आई आहे? जिथे लावते तिथे ती कळवळते.

दारात शेजारी उभे. गवंड्याला फोन, तो उचलत नाही. काकू खिडकीतून ओरडतायत, खरवडू नकोस, खरवडू नकोस.

दुपार

सुचलं. काकूंनी स्वतःच सांगितलं होतं. दुसऱ्याने पुसायला घेतलं की जुन्या हाताला सोडतं.

फडकं फेकलं. डावा हात भिंतीवर. उजव्याने लिहितेय, वही मांडीवर आहे. लिहिलं नाही तर उद्या मलाच पटणार नाही.

भिंत ओली आहे. जिभेसारखी. आतून हळूच चोखल्यासारखं होतं. पण पुसतेय, गोल गोल, आई पुसते तसं —

सुटतेय! खांद्याजवळ बोटभर फट पडली. आईला म्हटलं, जरा पुढे झुक, सुटते आहेस तू. माझं बोट बधिर. चालेल. एक बोट गेलं तर चालेल, हात गेला तरी —

आईने पाहिलं मी काय करतेय ते.

तिला कळलं.

माझा हात ढकलतेय. तिच्या त्या गोल — मनगटाने — ढकलते आणि स्वतः पुसते. फट मिटली. मी पुन्हा लावला. पुन्हा फट. तिने पुन्हा ढकललं. म्हणते, वेडी का गं तू, ऊठ. म्हणते, यासाठी शिकवलं तुला? लोकांचे संडास घासून शिकवलं ते भिंती पुसायला? ऊठ, ऑफिसला जा —

मानेपर्यंत आलंय. तिचे केस आत —

मी जोराने धरलं तर तिचं मनगट मोडेल. सोडलं तर —

रडतेय मी, ती हसतेय, मी लहान असताना बादलीला हात लावला की हसून दटावायची तशी — आई, ऐक ना. आई, हात काढ. मला येतं, मी पुसते, बघ, मी नीट पुसते, तू नुसती पुढे झुक, माझ्याकडे झुक, आई, फक्त एकदा मला —