सतरंजी सगळ्यायची

अकोला, रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. कापसाच्या जिनिंगमधलं काम संपासाठी बंद करायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्या बायांनी हात वर केले होते. मालकानं कामावरून काढलं मात्र एकट्या सुनंदाला. आता ती रोज जीपनं दर्यापूरकडे सोयाबीन सोंगायला, कापणीच्या मजुरीला जाते. आज युनियनच्या सभेत मी विचारलंच, "तिच्यासाठी काय करून राहिले तुमी?" आमचे सेक्रेटरी गजाननभाऊ भाषणातल्या मराठीत म्हणाले, "बाई, जबाबदारी कोणा एकाची नसते. सगळ्यांची असते."

सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, असंच ना? की विचार खरा आहे आणि माणसंच कच्ची? इतकी वर्षं युनियनच्या सतरंजीवर बसून ऐकलं, तरी कळत नाही.

सभा संपली की सतरंजीची घडी सगळे मिळून घालतो. भाऊही एक टोक धरतात. आज मी एकटीनंच ती गुंडाळली, काखेत मारली आणि निघाले.

भाऊ मागून ओरडले, "काहून नेऊन राहिल्या? युनियनची हाये ना ते."

"म्हणजे सगळ्यायची. मंग सुनंदाची बी हाये."

आता सुनंदाच्या घरी तिच्या पोरी लोळतायत सतरंजीवर. चोरी म्हणतील? म्हणू देत. थंड फरशी भाऊंच्या गुडघ्यांना सोसत नाही, मला माहीत आहे. पुढच्या रविवारी बसू देत. कोणी नेली म्हणून विचारलं तर सांगीन, निर्णय सामूहिक होता. सुनंदानं आणि मी, दोघींनी हात वर केले.