पाहुण्यांचं बटण

३ ऑक्टोबर
सुमनच्या मालिकेची बातमी खरी निघाली. बंद करताहेत. मुग्धाचा पुण्याहून फोन होता. ‘आई, तुझी सुमन दिवाळीनंतर गुंडाळणार.’ एवढी बक्षिसं, पेपरात एवढं कौतुक, आणि गुंडाळणार. पलीकडच्या चॅनलवरची सासू वर्षानुवर्षं सुनेच्या दुधात काहीबाही कालवते आहे, तिला मात्र मरण नाही.
शेजारच्या नसीम आपा रोजच्यासारख्या सातला आल्या. त्यांना सांगितलं तर मटकन बसल्याच. ‘अच्छी चीज कू नजर लगती, ताई.’ दोघींनी आजचा भाग बघितला. भावाने सुमनपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. वडिलांच्या जमिनीतला बहिणीचा हिस्सा सोडून दिल्याचा. सुमन म्हणाली, ‘मी सही करणार नाही.’ अंगावर काटा आला. आपांनी तर टाळ्या वाजवल्या.

६ ऑक्टोबर
चितेगावहून दत्ताचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो बापासारखं. ‘आक्का, दिवाळी झाली की रजिस्ट्रीला जाऊ. रोडकडच्या वावराला गिऱ्हाईक आलंय. हक्कसोडीवर तुझी सही लागती. नुसती सही गं, बाकी काय नाय.’
बघू म्हणाले.
‘त्यात काय बघायचं? तुला माहेर नको व्हय?’
हसत म्हणाला. हसत म्हणाला म्हणून जास्त लागलं.
यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘तुझं माहेर, तू बघ.’ संसारभर या माणसाने एक मत दिलं असेल तर शपथ.
आता कळतंय, बाकीच्या बायका ही मालिका करमणूक म्हणून बघतात. मी सुमन पुढं काय करते ते बघतेय. तिने केलं तर मलाही करता येईल, असं काहीतरी.

९ ऑक्टोबर
मालिकेच्या चाहत्यांचा कसलासा ग्रुप आहे, मुग्धा तिथलं पाठवत असते. तिथं रोज भांडण, का बंद केली म्हणून. कुणी म्हणतं संथ होती. कुणी म्हणतं जाहिरातवाले नाराज. एकाने लिहिलंय, बायकांना रडायला आवडतं, विचार करायला नाही. नाव बघितलं, पुरुषच होता.
आपांचं म्हणणं वेगळं. ‘देखनेवाल्यां तो औरतां हैं, पर रिमोट किसके हाथ में है?’
मला वाटतं, ज्या मालिकेत काही ठरायचंच नसतं ती जन्मभर चालते. सुमनचं काहीतरी ठरायला आलं, तिथंच गळा धरला.

१२ ऑक्टोबर
आपांनी शोध लावला की आपण दोघी एकाच टीव्हीवर बघतो, म्हणून मालिका किती जण बघतात ते मोजणारे एकच धरत असतील. आजपासून आपापल्या घरी बघायचं. वरच्या भाडेकरणीलाही लावायला सांगितलं. जाऊन बघते तर ती आत भाकरी थापतेय, बाहेर टीव्ही एकटाच चालू. म्हटलं असू दे, आकडा वाढतोय ना.
आपांशिवाय मजा आली नाही. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, ‘मत कर, सुमन, मत कर!’ इकडून मीही ओरडले.

१५ ऑक्टोबर
मुग्धा पोट धरून हसली. ‘अगं, ज्या घरात पेटी बसवलेली असते तिथलंच मोजतात. तुम्ही दोघी कुठंच धरलेल्या नाही.’ तिला काय, हसायला. फोन ठेवून दिला.
आपा परत आमच्याकडे. त्यांना दत्ताचं सांगितलं.
‘हमारे में तो बहन का हिस्सा लिखा हुआ है, ताई. फिर भी मैंने भाईजान कू माफ कर दी. ईद कू जाती तो खाने का दस्तरखान बिछता.’
‘माफ केलं नसतं तर?’
‘तो भी बिछता क्या, ये देखने की हिम्मत नई हुई.’
चहा गार झाला. दुसरा केला नाही.

भाऊबीज
चितेगावला गेले. दत्ताला ओवाळलं. साडी दरवर्षीपेक्षा भारी, काठ बघूनच कळलं कशाबद्दलची आहे ती. जेवताना कागदाचा विषय नाही. सगळे कसे गोड, गोड.
संध्याकाळी टीव्हीशेजारी एक दिवा लुकलुकणारी पेटी दिसली. हे काय म्हटलं, तर भावजय लता हळूच म्हणाली, ‘कोण काय बघतंय ते मोजत्यात, वन्सं. कुणाला सांगायचं नसतंय.’ पेटीचा रिमोट वेगळा. घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण. पहिलं दत्ताचं, दुसरं तिचं, तिसरं पोराचं, रोहितचं. बघायला बसलं की ज्याने त्याने आपलं दाबायचं.
मुग्धा म्हणाली होती ती पेटी, आणि ती आमच्याच माहेरी!
सात वाजत आले होते. म्हटलं, सुमनची मालिका लावा.
दत्ता म्हणाला, ‘ती भांडखोर बाई? ती आपल्याकडं लागत नाय. सातला आपल्या बातम्या.’
लता म्हणाली, ‘मला लई आवडायची ती, पण...’ आणि उठून आत गेली. तिचं बटण कोण दाबत असेल, विचारलं नाही.
मी रिमोट हातात घेतला. म्हटलं, आज मी बघणार. दत्ता सणाच्या मूडमध्ये होता.
‘बघ की. पण बटण दाब हां, त्यांचा नियम हाय. वरची नको दाबू. तुझं नाय यात, आक्का. ते शेवटचं दाब. पाहुण्यांचं.’
त्याच्या मनात काहीच नव्हतं. तेच तर. याच जागेवर पत्र्याचं घर होतं तेव्हा माझा जन्म झाला. याला कडेवर घेऊन मी विहिरीवर जायचे. आई गेली तेव्हा याला जेवायला मी घातलं.
दाबलं. पाहुण्यांचं. त्या भागात काय झालं ते आठवत नाही. रडू गाडीत बसल्यावर आलं.

शुक्रवार
शेवटचा भाग. भावाचं पोर तापाने फणफणलं, सुमन धावत माहेरी गेली, पोराच्या उशाशी बसून सही करून टाकली. मग पंगत. सगळे हसताहेत, सुमन पुरणपोळी वाढतेय. वर्षभर ताठ उभी असलेली बाई अर्ध्या तासात वाकवली मेल्यांनी. थू.
आपांनी स्वतः उठून टीव्ही बंद केला. ‘किसके डर से किया रे इन लोगां ने?’
‘दत्ताच्या,’ मी म्हणाले.
दोघी हसलो. नंतर दोघींनाही हसू आवरेना आणि मग ते हसू राहिलं नाही.
जाताना आपा दारात थांबल्या. ‘ताई, सोमवार कू रजिस्ट्री में तुम क्या करोगे?’ सुमनकडे बघून ठरवणार होते, तिने तर घात केला.

सोमवार, सकाळी
रात्री दत्ताचा फोन. ‘धाला येतो. आधार आन् फोटो काढून ठिव. लई टाइम नाय लागणार.’
काढून ठेवलेत. टेबलावर आहेत. पर्समध्ये घातलेले नाहीत.
लता मागून काहीतरी म्हणत होती. फोन त्याने ठेवला. तिला काय सांगायचं होतं कोण जाणे.
सही केली नाही तर पुढची भाऊबीज नाही, एवढं मला कळतं. केली तर आहे. दरवर्षी साडी, आणि ते शेवटचं बटण.
हे अंघोळीला गेलेत, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावताहेत. पलीकडे आपांची खिडकी उघडी आहे. बघताहेत बहुतेक.
चहा टाकलाय. गाडी वाजली आत्ताच. दत्ता आला की नेहमी ओट्यावरचा कप घेऊन थेट आत येतो, घरच्यासारखा. आज मी कपाटातले बशीवाले कप काढलेत. त्याला बाहेरच्या खोलीत बसवीन, पाहुण्यांच्या कपात चहा देईन. त्याने विचारलं, ‘असं का?’ तर मग बोलू.