धर्माचं बोलावणं

१८ डिसेंबर २००४, शनिवार

आयचा आवाज! आय, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्यासमोर बसून लसूण सोलतेय आणि तिचाच आवाज बाहेर, तिसऱ्या घरच्या हळदीत, स्पीकरमधून! मागे बँजो, ढोल, आणखी कसलीतरी धडधड, आणि मध्येच आय — "ये रे धर्मा, मांडवाला ये." पुन्हा तेच. पुन्हा तेच. पोरं नाचताना ओरडतायत — ये रे धर्मा!

आयच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "कोण बोलवतंय त्याला?" म्हणाली. काय सांगू?

धर्मादादा म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. संपात मिल बंद पडली, दोघे भाऊ घरी बसले. हे भाऊच्या धक्क्यावर पाट्या उचलायला लागले, दादा होडीवर गेले. होडी आली, ते आले नाहीत. देहसुद्धा मिळाला नाही. आयने आज पहिल्यांदाच भात टाकून दिला.

१९ डिसेंबर, रविवार

रघुवीरला धरला. धर्मादादांचा मुलगा, तेव्हा पाळण्यात होता. त्याची आईही लवकर गेली, माझ्याच हाताखाली वाढला. आता परळला स्टुडिओत रेकॉर्डिंगला आहे. मान खाली घालून सगळं सांगितलं.

मे महिन्यात तो आयला तिकडे घेऊन गेला होता. आय धवलारीण, लग्नात धवले म्हणणारी. वाड्यातली कितीतरी लग्नं तिच्या धवल्यांवर लागली. म्हातारी झाली, गाणी राहावीत म्हणून त्याने भरून घेतली. हेतू चांगलाच होता! आयने आमच्या घरचं बोलावणं म्हटलं — आधी देव, मग घरातले गेलेले, एकेकाला नाव घेऊन मांडवाला बोलावतात ते. स्टुडिओच्या हेरंबने त्यातला एक तुकडा उचलून नाचाच्या गाण्यात घातला. त्याला सॅम्पल म्हणतात.

"धर्मादादांचंच नाव का रे? आणखी नावं होती की."

"काकी, तिथे आजीचा आवाज फाटतो ना, ते त्याला आवडलं."

२० डिसेंबर

दुधवाला सायकलवरून तेच गुणगुणत गेला.

२३ डिसेंबर, गुरुवार

सकाळी महालक्ष्मीची पूजा मांडली, कहाणी वाचली आणि ह्यांना घेऊन स्टुडिओत गेले. स्टुडिओ ह्यांच्याच मिलच्या आवारात! हे फाटकाशी थांबले. "तू जा, मी चहा पितो." आत पाऊल टाकलं नाही.

हेरंब तिशीचा असेल. दादरचा. मावशी मावशी करत खुर्ची दिली, पाणी दिलं. रागवायचं ठरवून गेले होते, पण राग धरायला कुठे जागाच देईना. म्हणाला, "मी विचारलं होतं आजींना. ऐका." आणि यंत्र लावलं. त्याचा आवाज — "आजी, हे गाणं तुमचं का? आम्ही वापरलं तर चालेल?" मग आय — "माजं कसलं रे? देवाचं हाय. मी कोन नाय म्हननारी?"

झालं! धवलारीण कधी ‘माझं’ म्हणत नाही. म्हटलं तर देव मांडवाला येत नाहीत, असं आमच्यात मानतात. आयने रीत पाळली आणि त्यांनी ती परवानगी धरली. सीडीवर छापलंय — गीत: पारंपरिक. आयचं नाव कुठेच नाही.

रघुवीर म्हणाला, "सर, गाणं पारंपरिक असेल. गळा पारंपरिक नाही!" पोराची नोकरी तिथेच, तरी बोलला.

हेरंब शांत. "दोन सेकंदांचा तुकडा आहे रे. आणि मावशी, आता ते माझ्याही हातात नाही. मी कंपनीला दिलं, कंपनीने मोबाइलवाल्यांना विकलं. लोक फोन केला की घंटीऐवजी तेच ऐकतात."

म्हणजे जो तो फोन फिरवतोय आणि धर्मादादांना बोलावतोय.

३ जानेवारी २००५, सोमवार

कंपनीच्या ऑफिसात गेलो, अंधेरीला. काचेपलीकडच्या मुलीने बसवून ठेवलं. मग कळलं, साहेब भेटत नाहीत, ईमेल करायचा. रघुवीरने केला. जाण्यायेण्याचा खर्च घरखर्चाच्या वहीत ‘इतर’मध्ये मांडला.

६ जानेवारी, गुरुवार

शेवटचा गुरुवार. उद्यापन झालं. आयने प्रसाद हातात घेतला आणि तसाच ठेवला. उठून बसतही नाही आता. माझ्या लेकीचं, कमळचं लग्न वीस फेब्रुवारीला! एकुलती एक नात. विचारलं, "आय, हळदीला गाशील ना?"

"नाय."

"असं काय करतेस? तुझ्याशिवाय कोण गाणार?"

भिंतीकडे तोंड केलं. "माज्या पोराला कुठं कुठं फिरवतायत," म्हणाली.

रात्रभर तेच डोक्यात. मग उमगलं. बोलावलं की बोळवण करायची असते! लग्न पार पडलं की पहाटे धवलारीण देवाजवळ एकटी बसते, पुन्हा एकेकाचं नाव घेऊन, पानसुपारी ठेवून, ज्याला त्याला परत पाठवते. बाकीच्या तेव्हा दमून पेंगलेल्या असतात. आणि ह्या गाण्यात नुसतं बोलावणंच आहे. बोळवण नाहीच! दादांचा जीव दारोदार भटकतोय म्हणून आय झुरतेय. मला आधी कसं कळलं नाही?

७ जानेवारी

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अख्खं गिरणगाव संपावर होतं तरी काय मिळालं? आणि तू दोन सेकंदांसाठी लढायला निघालीस!" हसले. मग कुशीवर वळून झोपले. झोपले कसले! श्वासावरून कळतं.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. तीळगूळ वाटला. गोड बोलायला कोणी नाही घरात. कंपनीचं उत्तर नाही.

२२ जानेवारी, शनिवार

एकवीरा आई पावली! हेरंबने रघुवीरकडे निरोप दिला. गाणं मागे घेता येणार नाही, पण नवी सीडी निघतेय, मोबाइललाही तीच जाईल. शेवटी आयने म्हटलेली बोळवण जोडायला तो तयार आहे. नाव छापेल, थोडे पैसेही देईल. पैशांचं नंतर बघू. दादा परत जातील, आय उठून बसेल, कमळची हळद होईल. आईला नारळ बोलले.

२७ जानेवारी

आय तयार होत नाही. पाय चेपले, विनवलं. "तुझ्या कमळसाठी तरी गं." शेवटी म्हणाली, "तू म्हनतेस तं येते."

१ फेब्रुवारी, मंगळवार

आयला टॅक्सीने नेलं. काचेच्या खोलीत स्टुलावर बसवलं. पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले. काय तो आवाज! इतकी वर्षं सून म्हणून ह्या घरात आहे, पण बोळवण धड कधी ऐकलीच नव्हती. पहाटे मी नेहमी चुलीशी. "जा गो आई, तुज्या डोंगराला जा... जा रे बाबा, तुज्या गावाला जा..." सासरे, आजेसासू, सगळ्यांची नावं झाली. आय थांबली.

रघुवीर माइकवर म्हणाला, "आजी, बाबांचं नाव राहिलं."

"घसा सुकला. घरी चल."

पाणी दिलं, घेतलं नाही. उठलीच. मी हवालदिल! एवढ्यासाठी तर सगळी धडपड. हेरंब म्हणाला, "मावशी, काळजी नको. ‘जा रे’ आत्ताचं आहे, ‘धर्मा’ मे महिन्यातलं आहे. दोन्ही जोडतो. ऐकणाऱ्याला सांधासुद्धा कळणार नाही."

असंही होतं? मी म्हटलं, जोडा बाबा. ह्या वेळी त्याने रीतसर कागद पुढे केला. आय बाहेर बाकावर बसली होती, तिला कशाला त्रास! तिच्या वतीने मीच सही केली. घरात मॅट्रिक झालेली मीच ना.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

रघुवीर सीडी घेऊन आला. आयला उशीला टेकवून बसवलं आणि लावली. शेवटी आलं — जा रे धर्मा, तुज्या गावाला जा. खरंच सांधा कळत नाही! मी आयचा हात धरला. "बघ आय, गेले दादा. सुटले."

आय माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मी परत धाडताना त्याचं नाव कदी घेतलंच नवतं गो. संपापासनं. घरातल्या एका बी लग्नात नाय घेतलं. हितंच ठेवला होता त्याला, माज्याजवल."