उष्णता सोसत नाही

आबा, तुमचा बंब अजून माझ्याकडं आहे. तांबं काळं पडलंय, तोटी ठिबकते, आणि वरचं झाकण तुम्ही ठोकून बसवलं होतं तसंच वाकडं आहे. इंदापुरात आमच्या आळीत घरोघरी गीझर आले. शेजारीण धुराबद्दल रोज बडबडते. बडबडू दे. मी सकाळी बाभळीच्या ढलप्या घालून तो पेटवते आणि पेटवता पेटवता तुमच्याशी भांडते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे भांडण काही मिटत नाही. तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडायची माझी छाती नव्हती ना!

ह्यांचे आधी पाय बधिर झाले, मग नजर अंधुक झाली, आणि एक दिवस कचेरीच्या पायऱ्या चढता चढता हे खालीच बसले. पुण्याच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. तुम्हाला ते कधी म्हणता आलं नाही. तुम्ही आपले ‘नसांचं दुखणं’ म्हणायचात, आणि मला तेच बरं वाटायचं. मी मुलींच्या शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि ह्यांना उचलायला, पुसायला, भरवायला घरी बसले. पुढं ह्यांची बहीण, ती इंग्लंडात नर्स होती, तिनं ह्यांना तिकडं बोलावून घेतलं. तिथं इंजेक्शनं झाली, व्यायाम झाले. मी इकडं एसटीडी बूथमध्ये उभी राहून ‘आज किती चाललात?’ एवढंच विचारायची. दसऱ्याच्या सुमाराला हे परत आले. विमानतळावरून मी ह्यांना घेऊन आले, तेव्हा बारामतीच्या स्टँडवर तुम्ही आम्हाला भेटायला आलेले. हे गाडीतून कुणाचा हात न धरता उतरतात, सरळ तुमच्यापर्यंत चालत येतात, आणि तुम्ही पटक्याच्या शेवानं डोळे पुसता. मी काय करत होते सांगू? मनात शाळेच्या साड्यांना इस्त्री करत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होणार होतं, मोठ्या बाईंनी माझा सातवीचा वर्ग राखून ठेवला होता. सुटले बाई एकदाची, असं मी चारचौघांत मोठ्यानं म्हणाले. सगळे हसले, तुम्हीसुद्धा.

दिवाळीला माहेरी, पणदऱ्याला आलो. ह्यांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं, “आबा, तिकडच्या डॉक्टरांनी बजावलंय, मला उष्णता सोसत नाही.” तुम्ही लगेच मान डोलावलीत. “व्हय की पाव्हणं, आमालाबी कळतंय त्येवढं.” आणि कळलं काय, तर आपल्याकडं उष्णता म्हणजे जी असते ती! अंडी बंद, लसणाची चटणी बंद, बाजरीची भाकरी बंद. सकाळ-संध्याकाळ दुधातून सब्जा, वर गुलकंद. रात्री तुम्ही स्वतः काशाची वाटी घेऊन जावयाच्या तळपायांना तूप चोळत बसलात, हे संकोचून पाय ओढून घेतायत आणि तुम्ही सोडत नाही. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले. तुमच्याइतकी काळजी त्या घरात कुणी कुणाची घेतली नसेल, हे मी भांडतानाही म्हणते.

मग अंघोळीचा दिवस. तुम्ही पहाटेच उठून बंब पेटवलेला, पाण्याला नुसता कढ आलेला. डोक्यापासून पायापर्यंत तेल जिरवायचं आणि वरनं कढत पाणी, की अंगातली सगळी उष्णता निघून जाते, ही तुमची ठाम समजूत. मी गार पाण्याची बादली पुढं केली तर म्हणालात, “इसण नगं घालू, पोरी. कढत पान्यानं नसा मोकळ्या हुत्यात.” बाह्या सरसावून तांब्या तुम्हीच हातात घेतलात. हे दोनदा म्हणाले, “बास, आबा.” तुम्हाला वाटलं, जावई लाजतोय. सासऱ्याचा हात धरायचा कसा, म्हणून हेही गप्प बसले. पाणी संपलं आणि ह्यांना पाटावरून उठता येईना. पणती समोर होती, ती दिसेना. “मला काही दिसत नाही,” असं हे मला इतकं हळू म्हणाले की तुम्हाला ऐकू जाऊ नये. पण तुम्हाला ऐकू गेलंच.

भावांनी उचलून ओसरीवर वाऱ्याला निजवलं. ऊन चढायच्या आत ह्यांची बोटं हलायला लागली, दुपारी हे गोठ्यापर्यंत चालत गेले. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं, अंग तापलं की असं होतं, निवलं की जातं, नवीन काही बिघडलेलं नाही. आम्ही तुम्हाला परत परत सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, पटलं मात्र नाही. अंघोळीच्या त्या दुपारीच तुम्ही मला वैरणीमागं नेलंत आणि माझा हात धरलात. “माज्या हातनं झालं ह्ये. आता तू ह्यास्नी येकलं सोडू नगंस. साळा ऱ्हाऊ दे. माजी आण हाय तुला.”

आण! रागावला असतात तर मी उलट बोलले असते. तुम्ही रडत होतात, मी काय बोलणार? मोठ्या बाईंना मी नाही म्हणून कळवलं. बंब तुम्ही मोडीत घालायला काढलात, तो मी एसटीच्या टपावर टाकून इंदापूरला आणला. आण घालणाऱ्यानंच ‘सुटली’ म्हणायचं असतं, म्हणून प्रत्येक खेपेला पणदऱ्याला आले की वाट बघायची, आज म्हणतील, उद्या म्हणतील. तुम्ही विचारायचात, “पाव्हणं बरं हायत न्हवं?” एवढंच. आणि एक दिवस ते विचारायलाही राहिला नाहीत. आबा, एक शब्द होता हो! फुकटचा शब्द. तो तेवढा राहिला.

हे चालतात अजून, काठी घेऊन. लोक माझ्या तोंडावर म्हणतात, नशीबवान आहेस. खोटं नाही ते. पण पाटावरची ती सकाळ ह्यांच्या अंगातून गेली नाही. हे गार पाण्यानं अंघोळ करतात तेव्हा मी दाराबाहेर स्टुलावर बसते. उन्हाळ्यात खिडक्यांना ओली पोती लावून आम्ही दोघं अंधाऱ्या खोलीत चार महिने काढतो. मी अंगणात गेले तरी हाक येते, “कुठंयस?” शाळेची घंटा आमच्या घरात ऐकू येते, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

हे पत्र टाकू कुठं? पणदऱ्याच्या पत्त्यावर आता भाऊ राहतो, तो बिचारा घाबरून जाईल. ठेवून देते पिठाच्या डब्यामागं.

आणि एक सांगते. रोज मी बंबाचं कढत पाणी घेते, विसण न घालता. न्हाणीघरात वाफ कोंडली की ह्यांना दाराशीसुद्धा येता येत नाही. बाहेरून हाक येते, “झालं का?” मी तांब्यावर तांब्या ओतत राहते. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही, असं मी ह्यांना सांगून ठेवलंय. ऐकू येतं, आबा.