कथा म्हणजे गोष्ट

मुंबई,
२ ऑक्टोबर १९७३

ती. सौ. अक्कास धनसिंगचा नमस्कार.

मी इथे मजेत आहे. मेसमध्ये भाकरी मिळते, पण आपल्याकडच्यासारखी कळण्याची नाही. दाजींचा गुडघा कसा आहे?

मतिमंद मुलांच्या शाळांचे पर्यवेक्षक होण्यासाठी पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम आहे. मागे सरावासाठी साक्रीकडची एक मुलगी वर्गात आणली होती. सरांनी चित्र दाखवून म्हटलं, "याची कथा सांग." आपल्या बोलीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. ती बिचारी दाराकडे बघे, खिडकीकडे बघे. सर म्हणाले, "लक्ष नाही. मतिमंद." मी अर्थ सांगितला, तर म्हणाले, "अधिकाऱ्यानं बोलीत शिरू नये." तिला आईबापापासून लांब वसतिगृहात पाठवलं.

दिवाळीनंतर आमची तुकडी पिंपळनेरच्या शाळेत मुलं तपासायला येतेय. आपला कौतिक पहिलीत दोनदा नापास झाला म्हणून मास्तरांनी त्याचंही नाव दिलंय. तू घाबरू नकोस. फक्त त्याच्याकडून रोज घोकून घे, कथा म्हणजे गोष्ट. शे म्हणू नये, आहे म्हणावं.

त्याच्यासमोर खुर्चीत मीच असेन, सर शेजारी. नातं कळलं तर ते मला उठवतील आणि स्वतः बसतील. मला बघून कौतिक पळत येईल, म्हणून आत्तापासून सांगून ठेव, खुर्चीतला माणूस मामा नाही.

"मंग मना मामा कथा शे?" असं तो तुला विचारेल. तेव्हाही त्याला कथा म्हणू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
धनसिंग